हळद लावलेला हातमोजा

जगूआप्पा मोहिते माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आले तेव्हा पाच मिनिटं दारातच उभे होते. मला वाटलं, पोरीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेला कुणी गावाकडचा माणूस असेल, बुजत असेल. सांगलीत विश्रामबागला माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, कशाला नाही म्हणत नाही. दारात घुटमळणाऱ्याला मी सवयीनं 'या की आत' म्हणतो, तसं म्हणालो. ते हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "आतल्या चपला कुटल्या आन् भाईरच्या कुटल्या?"

"तशी काही भानगड नाही इथं. तसेच या."

"भानगड कशी न्हाई? रस्त्यावर फिरता त्याच चपला हितं, त्याच घरात. मग लाईन कुटं मारली तुमी?"

मी काही लाईन मारली नव्हती. एवढ्या वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. शेवटी त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, दाराच्या आत हातभर अंतरावर पांढरी रेघ ओढली, चपला रेघेच्या पलीकडे काढल्या आणि अनवाणी येऊन खुर्चीत बसले. माणूस गेल्यावर मी ती रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा ओढली. अशी आमची दोन महिने लढाई चालली आणि नेहमीप्रमाणे मी हरलो.

आप्पा गेले त्याला येत्या दिवाळीत वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. त्याचं कारण पुढं येईलच. ते सांगताना मला बरं वाटणार नाही, पण न सांगता हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

ते मूळचे कडेगावच्या बाजूचे. घरचा ऊस, दोघं भाऊ. थोरल्यानं शेती धरली, धाकट्यानं सांगलीत आयटीआय करून फिटरचा दाखला घेतला आणि समुद्राकाठच्या एका अणुकेंद्रात नोकरी मिळवली. सगळी नोकरी कचरा विभागात गेली. अणुकेंद्रातला कचरा म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं काहीतरी उकळणारं, धुमसणारं येतं. आप्पा म्हणायचे, "आवं, निम्मा कचरा म्हंजे हातमोजं, फडकी आन् पुसणी. तुमच्या सैपाकघरातल्यासारखाच. फक्त त्येला काय लागलंय ते डोळ्यानं दिसत न्हाई." तो गोळा करायचा, दाबून ड्रममध्ये भरायचा, पातळ असेल तर सिमेंटमध्ये कालवून घट्ट करायचा, झाकण लावायचं, मोजायचं, चिठ्ठी लावायची आणि ठरलेल्या जागी ठेवून द्यायचा. हे त्यांनी तीसएक वर्षं केलं आणि त्यात एकदाही घाई केली नाही. घाईचा त्यांना मनापासून तिटकारा होता. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी ते उतरून त्याला समजावत बसत.

निवृत्तीनंतर माझ्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला, माझ्या दारात पहिल्यांदा आले त्याच्या थोडेच दिवस आधी. राहायला येतानाची एक गोष्ट आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. नवा फ्रिज आला तर आप्पांनी हमालांना सांगितलं, आधी फ्रिजचा नुसता मोकळा खोका वर न्या. हमाल हसायला लागले. आप्पांनी त्यांना चहा पाजला, पण खोकाच न्यायला लावला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खोका असा अडकला की निघेना. कठड्याचा पाइप सोडवावा लागला. मग फ्रिज अलगद वर गेला. याला ते 'मोकळा ड्रम' म्हणत. कुठलंही काम खऱ्या मालाशी करायच्या आधी मोकळ्या ड्रमाशी करून बघायचं, एकदा नाही, तीनदा. बँकेत लॉकर उघडायला जायचं असलं तरी आदल्या दिवशी नुसते जाऊन येत. बायकोच्या ऑपरेशनच्या आधी ते दवाखान्याच्या जिन्यावरून रिकामी चाकाची खुर्ची ढकलत खालीवर करताना वॉचमननं पकडले होते, असं शालनकाकींनीच मला सांगितलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

शालनकाकी म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना ओळखत होतो ते जेमतेम दोन वर्षं, मग त्या हृदयविकारानं गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावात याचं कारण कुणी डॉक्टरला विचारलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊकच होतं, जगूची नोकरी. कुणाच्या सुनेच्या डोहाळजेवणाला, पाचवीच्या पूजेला शालनकाकींना बोलावणं असायचं, पण ओटी भरायच्या वेळेला त्यांना कुणीतरी चहा बघायला आत पाठवायचं. त्या जायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटतंय, समजावून सांगितलं की मानसं ऐकत्यात."

खरंच त्यांना तसं वाटायचं. म्हणून तर ते माझ्याकडं आले होते. एका प्रशिक्षण संस्थेनं त्यांना गाठलं होतं. कंत्राटी कामगारांना हिंदी-इंग्रजीतल्या फिल्मा धड कळत नाहीत, तर मराठीत लहान लहान फिल्मा करून द्या: हातमोजा कसा काढायचा, ड्रम कसा भरायचा, सांडलं तर कुणाला आधी हाक मारायची. आप्पांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि मला अणूतलं. त्यांनी जिना उतरून जवळचा माणूस धरला, तो मी.

मी लग्नाच्या शूटिंगचा माणूस. नवरी मान वळवणार म्हटलं की माझ्या डोक्यात आपोआप सनई वाजते. पहिल्या फिल्मेत मी हौसेनं ड्रमाभोवती हिरवा उजेड टाकला आणि मागं धडकी भरवणारं संगीत. आप्पांनी शेवटपर्यंत शांतपणे बघितलं. मग विचारलं, "ह्ये हिरवं काय हाय?"

"किरणं, आप्पा. लोकांना कळायला नको?"

"मालक, एवढी वर्सं मी ह्येच बघतूय. मला एकदाबी हिरवं दिसलं न्हाई. उद्या एखादा पोरगा म्हनंल, हिरवं कुटं दिसतंय, चला हात घाला. आन् घालंल." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् ह्यो ढोल कशाला? भ्यालेल्या मानसाचा हात कापतो."

हिरवं गेलं, ढोल गेला. उरलं काय, तर आप्पांचा सपाट आवाज आणि एक पांढरा ड्रम. मला ते बघवेना. पण संस्थेतल्या माणसाचा फोन आला की पोरं गप्प बसून बघतात, प्रश्न विचारतात, आणखी करा. पाचसहा फिल्मा आम्ही केल्या. पटकथा ते जुन्या वहीत लिहून आणायचे. त्यात जिथं त्यांना एखादी गोष्ट नक्की ठाऊक नसे तिथं ते सरळ 'माहीत नाही' असं लिहायचे आणि कॅमेऱ्यापुढं तसंच म्हणायचे. मी म्हणायचो, आप्पा, शिकवणाऱ्यानं असं म्हणायचं नसतं. ते म्हणायचे, "मग काय म्हनायचं? ठोकून द्यायचं?"

हळदीची फिल्म ही त्यातली शेवटची. ती त्यांचीच कल्पना. न दिसणारी गोष्ट कशी पसरते हे दाखवायचं तर दिसणारी वस्तू हवी, आणि सांगलीत हळदीला काय तोटा! गच्चीवर आम्ही मांडामांड केली. पांढरा डगला घालून आप्पा कामगार झाले. हातमोज्याला हळद लावली आणि अडाण्यासारखं काम सुरू केलं. मोजा घातलेल्या हातानं नाक खाजवलं, मोबाइल उचलला, नळ सोडला, कडी लावली, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी टिपत होतो. जिथं जिथं हात गेला तिथं तिथं पिवळं होत गेलं. शूटिंग संपल्यावर ते मला म्हणाले, जरा आरशात बघा. माझ्या कानाच्या पाळीला हळद होती, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला होती आणि ज्या कपातून मी चहा प्यालो त्या कपाच्या कानाला होती. मला पत्ता नव्हता.

"कधी लागलं हे?"

"मलाबी न्हाई कळलं. म्हनून तर मोजायचं असतंय," ते म्हणाले.

त्या फिल्मेचा दुसरा भाग म्हणजे खरी फिल्म. मोजा उलटा करून कसा काढायचा, कोमट पाण्यानं आणि साबणानं हात कसे धुवायचे, खसाखसा घासायचे कसे नाहीत, मग किरणं मोजायचा मीटर अंगावरून फिरवून कसं तपासायचं. पिवळे हात धुऊन स्वच्छ होताना मी जवळून टिपले होते. शेवटी आप्पा कॅमेऱ्याकडं बघून बोलले होते, अगदी घरातल्याशी बोलावं तसं: "लागल्यालं धुतलं की जातंय. मोजून खात्री केली की मानूस घरी जातोय, जेवतोय, पोरांना उचलून घेतोय. किरनं अंगातनं गेली म्हंजे मानूस काय दिवा हुत न्हाई. एक्स-रे काढून आल्याला मानूस घरात उजेड पाडतोय का?" हे वाक्य म्हणताना ते हसले होते. कॅमेऱ्यापुढं ते तेवढं एकदाच हसले.

पूर्ण फिल्म संस्थेला दिली. आणि मग मी जे केलं ते असं. पहिला भाग मला इतका आवडला होता, इतका माझ्या हातचा वाटला होता, की तेवढाच कापून मी तीन मिनिटांचा तुकडा केला. ढोल परत आणला. सुरुवातीला माझ्या स्टुडिओचं नाव उडत येईल असं केलं. दुसरा भाग घेतला नाही, कारण हात धुताना बघायला कोण थांबतंय, असं मला वाटलं. तो तुकडा मी लोकांच्या मोबाइलवर सोडला. आठ दिवसांत मिरजेहून, तासगावाहून, विट्याहून फोन आले. काय काढलाय हो, अंगावर काटा आला. मी फुगलो. खोटं कशाला सांगू, मी चांगलाच फुगलो होतो.

आप्पांना तो तुकडा कुणीतरी बाजारात दाखवला. ते खाली आले, रेघेपाशी चपला काढल्या, बसले. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला नाही.

"मालक, दुसरा भाग कुटं हाय?"

"एवढं लांब कुणी बघत नाही, आप्पा."

"तुमी ड्रम भरून दाखवलासा," ते म्हणाले. "झाकान लावलं न्हाई."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्यादेखत तो तुकडा काढून टाकला. पण माझ्याकडून काढला तरी लोकांच्या मोबाइलमधून थोडाच निघणार होता? ते त्यांनाही कळत होतं. ते म्हणाले, "बरं केलंत," आणि वर गेले.

त्या पावसाळ्यात त्यांना जेवण जाईनासं झालं. जठराचा कॅन्सर निघाला, आणि बराच पुढं गेलेला. डॉक्टरांनी महिन्यांचा हिशेब सांगितला. मी भेटायला गेलो तर ते वहीत काहीतरी लिहीत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आप्पा, हे त्या कामामुळं झालं का?"

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "आमच्या छातीवर किरनांचा बॅज असायचा, त्यो दर म्हैन्याला मोजायचे. कागदावर लय कमी हाय. त्या मापानं हुया नको. पण माज्या आज्ज्याला बी असंच झालं हुतं, त्येनं कवा ऊस सोडला न्हाई. आसंल, नसंल. मी कसं सांगू?" मग वही मिटून म्हणाले, "आता गावाकडं जातो. दादा बोलवतोय. शेवटी आपल्या घरात ऱ्हावं, एवढंच हाय बगा."

त्यांना शेवटी एवढंच हवं होतं. भावाच्या घरात, भावाशेजारी. दादा म्हणजे शामराव, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, गुडघ्यांनी अधू, बोलायला कमी. दादांचा मुलगा संतोष, त्याची बायको प्राजक्ता. तिला सातवा महिना लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, त्यामुळं सगळं घर तिच्याभोवती फिरत होतं. आप्पाही. गावी जाताना त्यांनी तिच्यासाठी डिंक, खारका, खोबरं असं ओझं नेलं आणि लाडू वळताना हात कसे धुवायचे यावर तिला व्याख्यान दिलं असणार, याची मला खात्री आहे.

पंधरा दिवसांनी मला संतोषचा फोन आला. "त्यो हळदीचा व्हिडिओ तुमीच काढलाय न्हवं?"

"हो."

"त्यात आमचं आप्पा हायत न्हवं, त्ये डगल्यातलं?"

"हो."

"खरं हाय का त्यातलं? हात लावंल तितं पसरतंय ते?"

"खरं आहे," मी म्हणालो, "पण ते अर्धंच आहे."

"अर्धं म्हंजे?"

मी समजावत राहिलो. तो ऐकत होता, पण त्याच्या मागून कुणीतरी बाईमाणूस बोलत होतं. ती प्राजक्ताची आई. तो तुकडा गावातल्या ग्रुपवर फिरून तिच्यापर्यंत पोचला होता, आणि ती लेकीला माहेरी न्यायला येऊन बसली होती. एक आई म्हणून तिचं काय चुकलं, हे मी आजही सांगू शकत नाही. सहा वर्षांनी राहिलेलं पोर, शेजारच्या खोलीत ड्रम भरणारा माणूस, त्याला कॅन्सर, त्याला मूल नाही, आणि हातात माझी तीन मिनिटं.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. आप्पांचं ताट वेगळं झालं होतं, तांब्या वेगळा झाला होता. कुणी काही बोललं नव्हतं. दादा तेवढे त्यांच्याजवळ बसून जेवत आणि त्यावरून घरात दादांशीही कुणी नीट बोलत नव्हतं. आप्पा चिडलेले नव्हते. ते कामाला लागले होते. संस्थेकडून त्यांनी मीटर मागवून घेतला होता, तोच फिल्मेतला, टिकटिक वाजणारा. "आता सगळ्यांम्होरं मोजून दावतो," ते म्हणाले. "तुमी काढा. ह्यो आपला दुसरा भाग." त्यांच्या डोळ्यांत मला आशा दिसली आणि मला फार बरं वाटलं. माझी चूक अशी परस्पर धुऊन निघणार होती.

सकाळी ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात पन्नाससाठ माणसं जमली. आप्पा काठी टेकत आले. मी कॅमेरा लावला. लावता लावता माझ्या मनात आलं आणि मी हळूच म्हणालो, "आप्पा, याचा आवाज बंद करता येतो ना? नुसता काटा दाखवा."

"आवाज बंद करून काय दावू? म्हंजे लपवल्यासारकंच झालं की."

त्यांनी मीटर सुरू केला आणि स्वतःच्या छातीशी धरला. टिक. थोडं थांबून टिक. मग टिक टिक. पुढं बसलेल्या बायकांनी पोरं मागं ओढली.

"भिऊ नगा," आप्पा म्हणाले. "ह्यो समदीकडंच वाजतोय. मातीत असतंय, वरनं आभाळातनं येतंय, आपल्या हाडात असतंय. कवाधरनं हाय. हे बगा." त्यांनी मीटर ग्रामपंचायतीच्या भिंतीला धरला. टिक टिक. पाराच्या दगडाला धरला. टिक. हापशाला धरला, संतोषच्या मोटारसायकलला धरला, स्वतःच्या काठीला धरला. सगळीकडं तेवढंच, कमी नाही की जास्त नाही. ते दमले होते, पण एक एक वस्तू दाखवत निघाले होते, मोकळ्या ड्रमाशी सराव करताना दाखवत तसं, न चुकता. मी त्यांच्या मागं मागं कॅमेरा घेऊन. मला वाटत होतं, जमलं. याहून सोपं कुणी काय सांगणार?

मग गर्दीतून एक म्हातारा उठला. वाईट माणूस नव्हता, आप्पांच्याच वर्गातला होता. तो म्हणाला, "जगू, म्हंजे आख्ख्या गावात पसरलं म्हन की."

कुणी हसलं नाही. म्हातारा थट्टा करत नव्हता. हापसा, पार, भिंत, पंधरा दिवसांत आप्पा जिथं जिथं बसले होते, जिथं हात लावला होता, तिथं तिथं वाजलं होतं. हळदीच्या फिल्मेत दाखवलं होतं अगदी तसं. लोक उठायला लागले. एक बाई हापशावर ठेवलेली घागर न भरताच घेऊन गेली.

आप्पा पारावर बसले. मीटरचा खटका त्यांनी बंद केला.

"मी लय चांगलं शिकवलं, मालक," ते म्हणाले. "त्यांचं काय चुकत न्हाई. जेवढं शिकवलं तेवढं त्यास्नी पक्कं कळलंय."

"तुम्ही नाही आप्पा. मी. माझ्यामुळं झालं हे." मी ते एकदाचं बोललो.

त्यांनी नाही म्हटलं नाही. खोटं कसं म्हणतील? नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिथून ये-जा करणारे लोक आमच्याकडं बघत होते.

त्या दिवशी दुपारी प्राजक्ताची आई बॅग भरून ओसरीवर येऊन बसली आणि संतोषनं गाडी काढली. दादा दारात आडवे उभे राहिले. सून या घरातनं अशी जाणार नाही म्हणाले. संतोष म्हणाला, मग काय करू, तुमीच सांगा. बापलेकांचा आवाज वाढला. आप्पा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी बाहेरचे कपडे घातलेले होते आणि हातात पिशवी होती. "मालक मला सांगलीला सोडत्यात," ते म्हणाले. "डॉक्टरला दावायचंय, तितंच ऱ्हावं लागंल." मला त्यांनी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही बोलावलं नव्हतं.

मी माझी गाडी अंगणात वळवून घेतली. आप्पा गाडीच्या पुढच्या बाजूला उभे होते. दादा घरातून फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन लंगडत आले. त्यांचे डोळे भरलेले होते. "जगू, थांब रं," म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढं केले. भाकरी द्यायला नाही, मिठीत घ्यायला. त्या वयाचे आमच्याकडचे भाऊ एकमेकांना मिठी मारत नाहीत. दादांनीही कधी मारली नसेल.

आप्पा एक पाऊल पुढं झाले. तेवढ्यात त्यांची नजर दादांच्या खांद्यावरून मागं गेली. दारात प्राजक्ता उभी होती, पोटावर हात धरून. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसती भीती होती. दादा आता आप्पांना शिवून परत त्याच घरात, तिच्याजवळ जाणार होते.

आप्पांनी हात मागं घेतले. "दादा, तितंच थांब," ते म्हणाले. "जरा लांबच बरं."

दादा थबकले. "आरं, तूच म्हनतोस न्हवं, कायबी हुत न्हाई म्हनून?"

"व्हय. पर थांब." मग जरा मोठ्यानं, दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "भाकरी गाडीवर ठेव. मी घेतो."

दादांनी गाठोडं बॉनेटवर ठेवलं. ते चार पावलं मागं सरेपर्यंत आप्पा हलले नाहीत. मग त्यांनी गाठोडं उचललं, गाडीत बसले आणि मांडीवर घेतलं. मला काही सुधरत नव्हतं. गाडी अंगणाबाहेर काढता काढता मी ओरडलोच, "आप्पा, तुम्हीच असं केलंत तर मग लोकांनी काय समजायचं?"

"दादाला त्याच घरात ऱ्हायाचं हाय," ते म्हणाले. "मी काय, निघालोय."

आणि त्यांनी घाईघाईनं काच वर केली, कारण दादा गाडीच्या बाजूनं चालत येत होते.